सोमवारचा अपवाद

दिवाळीनंतर काशीराम भोपींच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे इंटरनेट बंद पडू लागले, आणि ते फक्त आकाश निरभ्र असलेल्या दिवशीच बंद पडे. ढग आले, अवकाळी सर येऊन गेली, की ते दिवसभर सुरळीत चाले. सोमवारी मात्र कितीही कडक ऊन पडले तरी ते बंद पडत नसे.

त्या रविवारी दुपारची जेवणे उरकल्यावर काशीरामबाबांनी कोणालाच उठू दिले नाही. "बसा जरा समदी," ते म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला. सरकारने घेतलेल्या मिठागरांच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या, पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या या इमारतीचे दोन मजले भोपींचे होते, बाकीचे विकलेले. दुसऱ्या मजल्यावर बाबा, त्यांची विधवा बहीण गोदूआत्या, थोरला प्रणित आणि त्याची बायको हेतल. तिसऱ्यावर धाकटा हृतिक, अंकिता आणि त्यांची मुलगी रिया. रविवारचे जेवण सगळ्यांचे खाली होई. अंकिता जळगावची, मासे न खाणारी. तिच्यासाठी वेगळे वरण होई आणि त्याबद्दल आता कोणी काही बोलतही नसे.

"चारुता मॅडम काय बोलल्या ते सगळ्यांना सांग," हृतिक म्हणाला.

अंकिताने सांगितले. चारुता ही तिची पुण्याची वरिष्ठ. मेलबर्नमधल्या औषधदुकानांच्या एका साखळीसाठी जी संगणकप्रणाली तयार होत होती, तिची जबाबदारी अंकिताकडे होती. प्रणाली लिहिणारी माणसे इंदूर, कोची आणि पुण्यात विखुरलेली. कोणी काय करायचे आणि केव्हापर्यंत, हे ठरवणे, त्यांच्याकडून ते करवून घेणे, आणि रोज सकाळी मेलबर्नच्या मंडळींना खरी स्थिती सोसवेल अशा शब्दांत सांगणे, हे तिचे काम. या कामाचे स्वरूप घरात कोणालाही, हृतिकलासुद्धा, नीट सांगता येत नसे. गोदूआत्या एका वाक्यात सांगे: "ती लोकांना इचारते, झाला का, झाला का." अंकिताने हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा तिला राग आला होता. नंतर विचार केल्यावर त्यात दुरुस्ती करण्याजोगे तिला काही सापडले नाही.

"सकाळच्या मीटिंगमध्ये मी अर्ध्यातून नाहीशी होते," ती म्हणाली. "क्लायंट वैतागलाय. चारुताला मंगळवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. बंद का पडतं, याचं कारण सांगायचं आणि ते पुन्हा होणार नाही असं लिहून द्यायचं. ते जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं."

"आनि दोनीपैकी काय नाय जमला तर?" बाबांनी विचारले.

"तर हे काम दुसऱ्याकडे जाईल. दुसरं मिळेपर्यंत मी रिकामी. रिकाम्या माणसाला कंपनी फार काळ सांभाळत नाही, बाबा."

हृतिकच्या, बंदराचा माल वाहणाऱ्या ट्रेलरगाड्या द्रोणागिरीच्या यार्डात उभ्या राहत. तो पुण्याला जाऊ शकत नव्हता. अंकिता गेली तर रिया तिच्याबरोबर जाणार, हेही स्पष्ट होते. रिया बोलताना अडखळे. पहिलीच्या वर्गात तिने तोंड उघडायला सारा पावसाळा जावा लागला होता, आणि ते उघडले तेही आत्या रोज शाळेच्या दारापर्यंत जाऊन बसत असे म्हणून. आता ती वर्गात कविता म्हणू लागली होती. नव्या शहरात हे सगळे पहिल्यापासून करावे लागले असते, आणि तिथे आत्या नसती.

"मग आमच्याकडे येऊन बस ना खाली," हेतल म्हणाली. "आमचं तर व्यवस्थित चालतं."

"तुमचं वेगळ्या कंपनीचं आहे, वहिनी. माझी जी जोडणी ऑफिसनं तपासून मंजूर केलीय, तिच्यावरूनच क्लायंटच्या यंत्रणेत शिरता येतं. फोनवरून प्रयत्न केला, तेही चालत नाही. नवी जोडणी मागितली तर चारुता म्हणते, आधी आहे ती का बिघडते ते सांग. नवीही अशीच बिघडली तर?"

"बाई शहाणी हाय," बाबा म्हणाले.

"मी सांगतो का बिघडते," हृतिक सरसावून बसला. "ऊन पडलं की जातं. बरोबर? ऊन पडलं की गच्चीवर काय सुरू होतं? सोलर."

प्रणितने हातातली बडीशेप परत वाटीत टाकली. "आलं! मला वाटलंच, फिरून फिरून माझ्या सोलरवर येणार."

"दिवाळीत पॅनल बसले. दिवाळीपासून नेट जातंय. यात मी काय चुकीचं बोललो?"

"तू दिवाळीत नवीन बूटपण घेतलेस. बुटांमुळे जात असेल."

"दादा, मस्करी नको. माझं घर मोडायला आलंय."

"आणि माझा पॅनल लोकांची घरं मोडायला बसवलाय का मी? जिन्यातला दिवा कोणाच्या जिवावर जळतो रात्रभर?"

"भांडू नका रे," बाबा म्हणाले; पण त्यांच्या स्वरावरून त्यांनाही हे कारण पटण्याजोगे वाटत असल्याचे कळत होते. हेतल नवऱ्याच्या बाजूने काही बोलली नाही. पॅनल बसवण्यापूर्वी तिला विचारले नव्हते, हे ती अजून विसरली नव्हती.

प्रणितने चारी बाजूंना पाहिले आणि आपण एकटे पडलो आहोत, हे त्याच्या ध्यानात आले. "ठीक आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळीच मेन स्विच पाडतो. दिवसभर बंद. नेट चाललं तर पॅनल उतरवून भंगारात देतो. मग तर झालं?"

"उद्या नको, दादा," अंकिता म्हणाली. "परवा करू."

"का? उद्या काय आहे?"

आपण काय बोलून गेलो, हे अंकिताला त्याच क्षणी उमगले. ती भौतिकशास्त्र शिकलेली होती, आणि ज्या चाचणीचा निकाल आधीच ठाऊक आहे ती चाचणी करू देणे तिच्या हातून होईना. "उद्या सोमवार आहे," ती म्हणाली. "सोमवारी ते जात नाही."

"सोमवारी नाय?" बाबा हसले. "शंकराची किरपा म्हन की."

"ऊन असलं तरी?" हृतिकने विचारले.

"ऊन असलं तरी."

प्रणितचा चेहरा उजळला. "मग सोलर नाही! सोलर काय सोमवारी उपास करतो?"

हे अंकिताला केव्हाच कळले होते, आणि ते तिने कोणाला सांगितले नव्हते. सुरुवातीला तिचा संशय उन्हावर होता. तापल्यावर वायरचा एखादा सांधा प्रसरण पावून सैल होत असेल, या तर्काने तिने सांधा बदलून घेतला होता. पण सूर्याला वार कळत नाही. तापमानाला, सौर पॅनलला, तांब्याला, काचेला, कशालाच वार कळत नाही. ज्या कारणाला सोमवार ओळखता येतो, ते कारण म्हणजे माणूस. आणि इमारतीतली बाकीची माणसे सकाळी आपापल्या कामाला बाहेर पडलेली असतात. हा तर्क ती इथवर आणून थांबवत असे.

हेतलने तो थांबवला नाही. "मग हे कोणीतरी करतंय," ती म्हणाली.

"कोन करनार?" बाबांचा आवाज चढला.

"मी फक्त विचारते. रोज सकाळी गच्चीवर कोण जातं?"

भिंतीशी पाय पसरून बसलेली गोदूआत्या लसूण सोलत होती. तिने मान वर केली. "मी जातंय. टाकीचा पानी बघाया. सरल बोल ना गो, आडून कशाला बोलतंस?"

"मी कुणाचं नाव घेतलं का, आत्या?"

"नाव घेयाला कशाला लागतंय? डोलं हायेत ना तुला, तेवडं बास."

"वहिनी, आत्याला यात आणू नका," हृतिक म्हणाला.

"तू गप बस गं," प्रणितही म्हणाला. पॅनल संशयातून सुटल्यामुळे तो आता धाकट्या भावाच्या बाजूला गेला होता.

"बसते गप," हेतलचे डोळे भरून आले. "पण ती पोर पुण्याला गेली की तुम्ही सगळे मलाच विचाराल, घरात असून तुला दिसलं नाही का म्हणून. मला काय हौस आहे?"

"जायाचं तर जावा," गोदूआत्या एकदम म्हणाली. तिने लसणाची परडी उचलली आणि गुडघ्यावर हात देऊन ती उठली. "पुना काय लांब नाय. मी कोनाला धरून ठेवलंय?"

ती स्वयंपाकघरात गेली. बाबांनी टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू केला, याचा अर्थ सभा संपली असा होता. उठता उठता ते एवढेच म्हणाले, "माज्या घरात असा कोन करनार नाय. दुसरा काय हाय ते बघा."

सोमवारी स्वच्छ ऊन पडले आणि इंटरनेट चालू राहिले.

मेलबर्नशी बैठक पार पडली. आज चित्र स्पष्ट दिसते आहे, असे तिकडच्या माणसाने जरा जास्तच आनंदाने म्हटले. नंतर अंकिताने कोचीच्या मुलाला विचारले, झाले का. त्याने, होत आले, असे सांगितले. पाच वर्षे ती अशीच काम करत होती. या लोकांपैकी निम्म्यांना तिने प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. ते जे सांगत त्यावर तिचा विश्वास होता, आणि जिथे विश्वास बसत नसे तिथे ती नेमका प्रश्न विचारत असे. बहुतेक वेळा तेवढे पुरे होई.

दुपारी हेतल चहा घेऊन वर आली. "काल माझं चुकलं," ती म्हणाली, आणि लगेच, "पण मी खोटं बोलले नाही."

"मला माहीत आहे, वहिनी."

"गच्चीवर एक छोटा कॅमेरा लाव. कळेल तरी."

अंकिताने कपातली साय बोटाने बाजूला केली. हा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता, याचीच तिला लाज वाटत होती. "आणि त्यात आत्या दिसल्या तर? मग रियाला रोज शाळेत कोणाबरोबर पाठवू?"

"तिला तू आवडत नाहीस असं नाही गं," हेतल म्हणाली. "पण ती बोलली ना काल, जावा म्हणून. माझ्या छातीत धस्स झालं."

अंकितानेही ते वाक्य रात्रभर ऐकले होते. सात वर्षांत आत्या तिला एकदाही टाकून बोललेली नव्हती. कारण माणूसच असेल तर माणसाला हेतू असला पाहिजे, आणि त्या वाक्यात हेतू दिसत होता. तरीही तिला ते पटेना. हेतू आत्याकडे होता असे क्षणभर धरले, तरी रीत कोणती? आत्या मोडेमला हात लावत नव्हती; सकाळी अंकिताच्या घरात येतच नव्हती. वीज जात नव्हती. कंपनीचा माणूस दर वेळी दुपारनंतर येई, त्याचे यंत्र लावी आणि म्हणे, "वायरमधली लाइट फुल येते आहे मॅडम, कुठेच प्रॉब्लेम नाही." आणि खरोखर तोपर्यंत सगळे ठीक झालेले असे.

मंगळवारी आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. प्रणितने ठरल्याप्रमाणे सोलरचा मेन स्विच पाडला आणि तसे ओरडून सांगितले. मेलबर्नची बैठक सुरू झाली. अंकिताने नमस्कार केला, पहिला मुद्दा मांडला, आणि पडद्यावरचा समोरचा चेहरा तोंड उघडे ठेवून गोठला. मोडेमवर लाल दिवा लागला.

तिने फोन उचलला. कंपनीच्या तक्रारकेंद्राचा क्रमांक आता तिला पाठ झाला होता. तिकडचा माणूस विचारणार होता की वायर तपासली का, आणि ती नेहमीप्रमाणे म्हणणार होती, हो, तुमच्या माणसाने तपासली. बोट क्रमांकावर असतानाच तिच्या लक्षात आले, की दिवाळीपासून तिने हृतिकला विचारले, कंपनीच्या माणसाला विचारले, सोलरवाल्याला विचारले. पण ही वायर कुठून कुठे जाते, हे स्वतः एकदाही पाहिलेले नाही. पाचशे कोसांवरच्या कामाला जी रीत चालते, तीच तिने डोक्यावरच्या गच्चीला लावली होती.

तिने फोन खाली ठेवला आणि वायरवर हात ठेवला.

काळी, चपटी, बोटाएवढीही जाड नसलेली वायर टेबलामागून निघून खिडकीच्या भोकातून बाहेर जात होती, आणि तिथून पाण्याच्या पाइपाच्या कडेने वर. अंकिता जिना चढून गच्चीवर गेली. कठड्यावरून वायर आत आली होती, पॅनलांच्या सावलीतून पुढे गेली होती, आणि पाण्याच्या टाकीमागे वळली होती. अंकिताही वळली.

टाकी आणि मागची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गोदूआत्या पालथ्या बादलीवर बसली होती. हातात काठी, डोक्यावर पदर. तिच्या समोर वायर छातीच्या उंचीवर, तारेसारखी ताणून बांधलेली. आणि तिच्यावर, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकवलेले बोंबील, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वजनाने वायर खाली येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना ती भिंतीतून बाहेर आलेल्या गंजक्या सळईभोवती घट्ट गुंडाळलेली होती.

आत्या दचकून उठली. काठी खाली पडली. पहिले शब्द आले ते असे: "दादूसला नको सांगू गो."

दादूस म्हणजे काशीरामबाबा. गच्चीवर मासळी वाळत घालायची नाही, असा शब्द त्यांनी मागच्या वर्षी इमारतीतल्या बाकीच्या लोकांना दिला होता. वासाची तक्रार आली होती आणि सभेत चार माणसांसमोर त्यांना ऐकून घ्यावे लागले होते. त्या दिवसापासून घरात सुके बोंबील बाजारातून येत आहेत, असाच सर्वांचा समज होता.

"तुम्ही रोज इथेच वाळवता?"

"बाजारातलं खाल्लंस कवा? तू खातच नाय, तुला काय कलनार. नुसती रेती लागते दाताला." आत्याने नजर चुकवली. "सकाली लोक कामाला जातात, तवा घालतंय. दुपारी लोक येयाच्या आत काढतंय. कुनाला वास नाय गेला आजवर. इथं माजी दोरी व्हती, ती प्रणितनं पॅनल लावताना तोडून टाकली. मग ही वायर रिकामी दिसली."

"ही वायर कशाची आहे, आत्या?"

"टीवीची. जुन्या डिशची."

"ही माझी आहे. माझं नेट हिच्यातून येतं."

आत्याने तिच्याकडे पाहिले, मग वायरकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "जा गो! तुजा तर हवेत्नं येतो ना? हृतिक बोल्ला व्हता, तुज्या कामाला वायर लागत नाय म्हनून."

हृतिक तसे म्हणाला होता, हे खरे होते. वायफाय म्हणजे काय, हे त्याने आत्याला एकदा मोठ्या उत्साहाने समजावले होते; मोडेमच्या अलीकडची गोष्ट त्याने सांगितली, पलीकडची सांगायचे राहून गेले.

अंकिताने फोन लावला. "वहिनी, माझ्या घरात जा. दार उघडंच आहे. मोडेमवरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे ते सांगा. फोन ठेवू नका."

"लाल," हेतलचा आवाज आला.

अंकिताने एका सळईवरचे वेढे सोडले. बोंबलांची रांग झोका खात खाली आली. "आत्या, ते टोक तुम्ही सोडा."

"हिरवा!" हेतल ओरडली. "अगं, हिरवा झाला! काय केलंस?"

"थांबा. आत्या, आता पुन्हा गुंडाळा. जसं रोज गुंडाळता तसंच."

"परत कशाला?" आत्या चक्रावली, पण तिने गुंडाळले.

"लाल झाला गं! असं काय करतेस!"

"आता सोडा."

"हिरवा!" फोनमध्ये पावले वाजू लागली, हेतल जिना चढत होती.

अंकिता भिंतीला टेकून उभी राहिली. तिला हसू येत होते आणि ते आवरावेसेही वाटत नव्हते. "आणि सोमवारी?"

"सोमवारी मासलीला हात लावू?" आत्याने दोन्ही कानांना बोटे लावली. "पापी वाटली का मी तुला?"

"एक सांगा. आधी एखाद्या दिवशी जायचं. गेल्या पंधरवड्यात सोमवार सोडला तर रोज जातंय. एवढे बोंबील कोणासाठी?"

वायरवरून सुटून पडलेली एक जोडी आत्याने उचलली, फुंकून साफ केली आणि पदरात धरली.

"कोनासाठी म्हंजे? तुमच्यासाठी. तुजी बाई पुन्याला बोलावते, असा हृतिक बोल्ला तवापास्नं घालतंय. पुन्याला काय मिलनार तुमाला? पोरीला बोंबलाशिवाय घास उतरत नाय. तू तिला भाजी देशील, ती नुसती बघत बसंल. रविवारी तू बोल्लीस, मंगलवारी उत्तर द्याचा हाय. म्हनून आज जास्ती घातलं. वरीसभर पुरंल इतका झाला म्हंजे मी मोकली."

"तुम्ही म्हणालात, जायचं तर जा."

"मग काय बोलू?" आत्याचा आवाज फाटला. "नको जाव, असा बोलू? तुजी नोकरी घालवू? पोरगी सवा वरसाची व्हती तवापास्नं माज्या मांडीवर निजते. मी नको बोल्ली असती तर हृतिक अडकला असता, तू अडकली असतीस. मी काय येडी हाय?"

हेतल धापा टाकत टाकीमागे आली आणि जागच्या जागी थांबली. तिने बोंबील पाहिले, वायर पाहिली, आत्याचे डोळे पाहिले. सगळे समजायला तिला फार वेळ लागला नाही.

"आत्या," ती म्हणाली, "मला वाटलं..."

"ठावं हाय तुला काय वाटला. मी वायर कापतंय."

"कापता असं नाही..."

"मग काय, चावतंय?" आत्याने नाक पुसले आणि पडलेली काठी हेतलच्या हातात दिली. "उबी काय ऱ्हाते? कावले हाकल. एक तर कवाधरनं टपून बसलाय."

हेतल कावळे हाकलू लागली. अंकिताने खाली जाऊन बैठक पुन्हा जोडली, मेलबर्नची क्षमा मागितली आणि उरलेले मुद्दे मांडले. बैठक संपल्यावर ती वर आली तेव्हा प्रणितने ट्रेलर बांधायच्या दोरीचा तुकडा आणला होता, आणि बाबाही जिना चढून आले होते. त्यांना कोणी सांगितले हे तिला कळले नाही. ते टाकीला हात टेकून श्वास घेत होते.

"माजा शब्द मोडलास, गोदू," ते म्हणाले.

"मोडला."

"चार मानसांत मी मान खाली घातली व्हती."

"ठावं हाय."

बाबांनी बोंबलांकडे बराच वेळ पाहिले. आजच्या इतके बोंबील एका वेळी वाळत घातलेले त्यांनी मिठागरे गेल्यापासून पाहिले नसावेत. "आजचं दोरीवर सुकूं दे," ते शेवटी म्हणाले. "वरच्यांपैकी कोन आला तर मी बोलेन त्यांच्याशी. उद्यापास्नं हृतिकच्या यार्डात जा, द्रोनागिरीला. तिथं मोकली जागा हाय, वास घेयाला डायवर सोडून कोन नाय." मग ते अंकिताकडे वळले. "आता तुजा काय? जातंस का ऱ्हातंस?"

"कारण सापडलं, बाबा," अंकिता म्हणाली. "आता जायचं कारण राहिलं नाही."

"सोलरला कोणी सॉरी म्हणणार आहे का?" प्रणितने दोरीला गाठ मारत विचारले. हेतलने काठी खांद्यावर टाकून दोरीचे दुसरे टोक धरले.

संध्याकाळच्या आत अंकिताने चारुताला फोन केला.

"सांग, कारण काय?" चारुताने विचारले.

"मासे."

मग अंकिताने सविस्तर सांगितले. चारुताला हसू आवरेना; पण वायर कशी गुंडाळली होती, सोडल्यावर काय झाले, पुन्हा गुंडाळल्यावर काय झाले, हे तिने दोनदा विचारून घेतले. "हे मी जसंच्या तसं मेलबर्नला कळवते," ती म्हणाली. "सुधारून लिहिलं तर विश्वास बसणार नाही. तू पनवेललाच राहा. पण त्या वायरला आधी नळी घालून घे."

घरात त्या रात्रीच्या जेवणाला अंकिताने तेच पुन्हा सांगितले, आणि फोनवर जे सांगितले नव्हते तेही. ते असे:

तिसऱ्या मजल्याच्या वायरमध्ये काचेचा केसाएवढा धागा असतो आणि त्यातून प्रकाश वाहतो. धागा तीव्र वाकवला की प्रकाश वाकण्याच्या जागी बाहेर निसटतो आणि मोडेमपर्यंत पोहोचत नाही. दिवाळीत पॅनल बसवताना वाळवणाची दोरी तोडली गेली, म्हणून गोदूआत्याने ती वायर सळईला गुंडाळून ताणली आणि तिच्यावर बोंबील घातले. ऊन असेल त्या दिवशीच ती ते घालत असे. ढगाळ हवेत मासळी सुकत नाही. सोमवारी ती मासळीला शिवत नसे. कंपनीचा माणूस येई त्याआधी तिने वाळवण उतरवून वेढे सोडलेले असत. सुरुवातीला वाळवण थोडे होते आणि इंटरनेट क्वचित जात होते. ते जात होते म्हणून पुण्याला जाण्याची बोलणी निघाली. बोलणी ऐकून आत्याने पुण्यासाठी बेगमी सुरू केली, वाळवण रोजचे झाले, आणि इंटरनेट रोज बंद पडू लागले.